पत्नीचे जन्मस्थान

रविवारच्या पेपरात माझीच नोकरी छापून आली होती,
पान सतरा, जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली:
अमुक पदवी, तमुक अनुभव, पगार माझाच.
कायदाच तसा आहे. आधी सगळ्या नेब्रास्काला विचारायचं,
कुणाला हवं आहे का हे?
कुणालाच नको होतं.
मी सुनेत्राला म्हटलं, पेढे कर,
माझ्या खुर्चीवर कुणाचाच डोळा नाही हे सिद्ध झालं.
तिने दुधाच्या पावडरीचे केले. टाळूला चिकटून बसले.

त्याला अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून आमच्या घरात एक तारीख राहते.
तिला खायला लागत नाही, पण तिच्यामुळे
कुत्रा आणला नाही, भिंतींना रंग दिला नाही,
परसातलं नासपतीचं झाड, ते 'कार्ड आल्यावर'.
दर महिन्याला सरकार एक तक्ता काढतं,
त्यात आमचा रकाना आठवडाभर पुढे सरकतो
आणि कधी अचानक दोन वर्षं मागे.
माझ्या शेजारी बसणारा दीपेंद्र, धनकुट्याचा,
माझ्यानंतर चार वर्षांनी रांगेत लागला
आणि कार्ड खिशात घालून आजीच्या तेराव्याला जाऊनही आला.
मी काकांच्या तेराव्याला गेलो नव्हतो.
पासपोर्टातला शिक्का संपला होता.
रांग माणसांची नसतेच. जन्मगावांची असते.

नवी वकीलबाई, हॅल्व्हरसन, फोनवर काहीतरी खात होती.
बायको कुठे जन्मली, तिने सहज विचारलं.
कुवेतला, मी म्हटलं, पण ती काही तिथली नाही हो,
दीड वर्षाची असताना परत आली,
तिला तिथली वाळूसुद्धा आठवत नाही.
पलीकडे चावणं थांबलं.
अकरा वर्षांत हे कुणीच विचारलं नाही तुम्हाला?

सासरे क्रेनवर होते तिथे. तीन वर्षं.
शेवटच्या आठ महिन्यांचा पगार बुडाला,
पत्र्याची ट्रंक आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन
चाळीसगावला परतले.
ती वर्षं पाण्यात गेली, असं म्हणायचे,
आणि मग स्वतःच हसायचे, पाणी तरी कुठे होतं तिथे.
ट्रंकेच्या तळाशी, अंथरलेल्या पेपराखाली
तो कागद निघाला,
चाळीस वर्षं घरात कुणालाच वाचता न आलेला.

सत्ताविसाव्या रस्त्यावर खिदर भाकऱ्या भाजतो.
सिंजारचा यझिदी. तो वेगळ्याच रांगेतून आला,
तिच्याबद्दल तो बोलत नाही, आम्ही विचारत नाही.
शिक्क्याचं भाषांतर पुढे रीतसर झालंच,
पण पहिलं त्याने केलं: पिठाचे हात पुसून
कागद खिडकीशी धरला, उजवीकडून डावीकडे बोट सरकवलं.
मुलगी. पहाट. दोन किलो सहाशे.
बापाचं नाव ब्रल्हाद.
अरबीत प नाही, म्हणाला.
म्हणजे तीन वर्षं ते तिथे ब्रल्हाद होते.
सुनेत्रा खूप हसली,
आणि भाकऱ्यांचे पैसे द्यायचे विसरली.

ब आणि प हा इसम एकच, असं
सासऱ्यांनी नोटरीसमोर शंभराच्या कागदावर लिहून दिलं.
आम्ही लशी टोचून घेतल्या, फोटो काढले. अर्ज गेला.

रात्री त्यांचा फोन.
म्हणजे अगदीच वाया नाही गेलं तर ते.
नाही बाबा, तुमच्यामुळेच तर आता.
हं, म्हणाले. मग बराच वेळ
नुसता त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज.
मग आता तुमचं यायचं राहिलंच म्हणा.
उलट आता कधीही येता येईल, सुनेत्रा म्हणाली,
शिक्क्याची भीती नाही, सुट्टी मिळाली की निघायचं.
तसं नाही विचारलं मी, ते म्हणाले.

नासपतीचं रोप गॅरेजमध्ये आहे, मुळं गोणपाटात.
जमीन अजून गोठलेली आहे.